घाईनं भरलेल्या बाटल्या

ऑगस्टच्या मध्यावर, एका शनिवारी दुपारी, नीलांबरी सबनीसनं आपल्या गराजमध्ये चोवीस मोठ्या बाटल्यांत बिअर भरली. ती अजून भरायला नको होती, हे तिला भरतानाच माहीत होतं.

तशी ती पिणाऱ्यांतली नव्हती. अमेरिकेत फ्रीमाँटला येऊन तिला बावीस वर्षं झाली होती, एका चिप कंपनीत ती टेस्टिंगचं काम बघायची, आणि लग्नाबिग्नात हातात ग्लास आलाच तर तोच ग्लास तिला शेवटपर्यंत पुरायचा. पण मुलगा नील शिकायला ॲन आर्बरला गेला आणि शनिवार-रविवार एकदम अंगावर यायला लागले. नवरा अतुल गाण्याच्या क्लासला जायला लागला. तिला काही सुचेना. अशात एकदा निमिष आणि प्रीता या स्नेह्यांकडे जेवायला गेले असताना गराजच्या फळीवर तिला एक झाकणाची मोठी बादली, रबरी नळ्यांचं वेटोळं आणि काचेची एक लांबुडकी नळी धूळ खात पडलेली दिसली.

"मी बिअर करायचो पूर्वी," निमिष म्हणाला. "घरच्या घरी. मग ते राहूनच गेलं. तुला हवंय? घेऊन जा सगळं. शिकवतो मी."

आणि तो खरंच शिकवायला आला. पहिल्या शनिवारी तिच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात माल्टचा, म्हणजे मोड आलेल्या बार्लीचा, दाट पाक उकळत होता आणि घरभर काकवीसारखा वास सुटला होता. त्यात हॉप्सच्या कडू फुलांच्या हिरव्या गोळ्या पडल्या, तेव्हा वास एकदम कडवट, रानातला झाला. प्रत्येक भांडं जंतुनाशकात बुडवून घ्यायचं, पाक गार झाल्याशिवाय यीस्ट घालायचं नाही, अशी एकेक गोष्ट निमिष हौसेनं सांगत होता. शेवटी त्यानं ती काचेची नळी हातात घेतली. हायड्रोमीटर.

"साखर जास्त असली की ही वर तरंगते," तो म्हणाला. "आज बावन्नवर आहे. यीस्ट साखर खात जाईल तशी खाली खाली बसेल. बारा-तेरापर्यंत यायला हवी. आणि हे बघ नीलू, बाकी काही विसरलीस तरी चालेल, पण आकडा तीन दिवस हलला नाही, की मगच बाटली भरायची. हलतोय म्हणजे यीस्ट अजून जेवतंय. ते बाटलीत कोंडलंस तर ते तिथंही जेवत राहणार, आणि गॅसला बाहेर पडायला जागा नाही. मग ती बाटली नाही, बॉम्ब आहे."

"एवढं?"

"एवढं."

पहिल्या दोन खेपा सुरेख झाल्या. नीलांबरीला त्याचा नादच लागला. बादलीच्या झाकणावरच्या छोट्या नळीतून बुडुक बुडुक आवाज यायला लागला की तिला घरात कुणीतरी आल्यासारखं वाटायचं. मराठी मंडळाच्या प्रोग्रॅममध्ये बायका विचारायच्या, "अगं, तूच करतेस? खरंच?" आणि तिला ते आवडायचं. फार आवडायचं. त्या भरातच तिनं सगळ्यांना सांगून टाकलं, की अतुलच्या पन्नासाव्या वाढदिवसाला विकतची एकही बाटली आणणार नाही.

वाढदिवस होता ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी. पण ऑफिसच्या कामात तिसरी खेप लावायलाच तिला उशीर झाला. बाटलीत भरल्यावर बिअर मुरायला दोन आठवडे लागतात, तेव्हा भरायची तर ऑगस्टच्या मध्यावरच्या त्याच शनिवारी. गुरुवारी आकडा आला चोवीस. शुक्रवारी बावीस. शनिवारी सकाळी वीस. आकडा रोज हलत होता. ती नळीकडे बघत बराच वेळ उभी राहिली. निमिषला फोन करावा असं एकदा मनात आलं, आणि तो काय म्हणेल हे माहीत होतं म्हणूनच तिनं केला नाही. फार तर थोडी जास्त फसफसेल, असं तिनं स्वतःला समजावलं, बाटल्या भरल्या आणि झाकणं दाबून घट्ट बसवली.

पार्टी जोरात झाली. फ्रिजमधून काढलेल्या गार बाटल्या उघडताना फेस उसळून टेबलावर सांडत होता आणि लोक हसत हसत ग्लास पुढे करत होते. लोक परत निघाले तेव्हा तिनं जवळच्या सहा घरांना एकेक बाटली दिली. त्यावर तिनं स्वतः छापलेलं लेबल होतं आणि मानेला सोनेरी रिबीन. निमिष बाटली काखेत मारून म्हणाला, "शिष्यीण गुरूच्या पुढे गेली बघा!"

दहा दिवसांनी, लेबर डेच्या सुट्टीनंतरच्या मंगळवारी, प्रीताचा फोन आला तेव्हा ती मीटिंगमध्ये होती. तिनं तो उचलला नाही. लगेच दुसऱ्यांदा आला.

"नीलू, आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत. निमिषच्या हातात बाटली फुटली. तुझी ती बाटली. खूप रक्त... आता ऑपरेशनला घेतायत."

झालं होतं ते असं. पार्टीहून घरी जाताना निमिषनं बाटली गाडीच्या ट्रंकमध्ये ठेवली आणि विसरून गेला. त्या आठवड्यात उन्हानं कहर केला होता, तीन दिवस पारा शंभर फॅरनहाइटच्या वर होता. किराणा काढायला म्हणून त्यानं ट्रंक उघडली, बाटली दिसली, "अरेच्चा" म्हणत डाव्या हातानं उचलली, आणि ती फुटली. काच तळव्यात खोल घुसली. दोन बोटं मिटवणाऱ्या कंडरा तुटल्या. एक तुकडा भुवईला चाटून गेला. डोळा वाचला.

गुरुवारी नीलांबरी आणि अतुल त्याला भेटायला घरी गेले. कोपरापर्यंत बँडेज आणि प्लॅस्टिकची पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून तो सोफ्यावर बसला होता. निमिष डावखुरा. प्रीतानं कालवलेला वरणभात तो उजव्या हातानं, चमच्यानं, सांडत सांडत खात होता.

"आजीनं लहानपणी किती मारलं, तरी उजव्या हातानं जेवलो नाही," तो हसून म्हणाला. "आता बघ."

नीलांबरीला हसता आलं नाही.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, अगदी सहज, "नीलू, रीडिंग स्टेबल होतं ना गं बाटली भरताना?"

तोच क्षण होता. अतुल शेजारी बसला होता, प्रीता ताट उचलायला वाकली होती. नीलांबरीच्या तोंडून शब्द गेला, "हो."

"मग माझीच चूक," निमिष मान हलवत म्हणाला. "एवढ्या उन्हात बंद गाडीत बाटली ठेवायची म्हणजे... मी इतकी वर्षं केलंय हे, मला कळायला हवं होतं."

"तेच सांगतेय मी त्याला," प्रीता म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता. "कुठलीही गोष्ट जागच्या जागी ठेवायची म्हणून माहीत नाही. सतरा वर्षं सांगतेय. डोळा गेला असता म्हणजे?"

निमिष खाली मान घालून ऐकत राहिला. नीलांबरी त्याच्या बँडेजकडे बघत राहिली.

परत येताना गाडीत अतुल म्हणाला, "नशीब म्हणायचं. तू मनाला लावून घेऊ नकोस, तुझा काय दोष?" तिनं खिडकी खाली केली, गरम हवा आत आली, तिनं ती पुन्हा वर केली.

पुढचा आठवडाभर ती एक दिवसाआड त्यांच्याकडे डबा घेऊन जात होती. निमिषला उजव्या हातानं खाता येईल अशा गोष्टी शोधून शोधून करायची. इडल्या, पराठ्याचे रोल, बारीक चिरलेली फळं. दारात डबा घेताना एकदा प्रीतानं तिला मिठीच मारली. "किती करतेस गं आमच्यासाठी," ती म्हणाली. नीलांबरी घरी आली आणि गराजमध्ये गाडी बंद करून तशीच बसून राहिली. ऊन खरंच होतं, गाडी खरंच तापली होती, कदाचित उन्हानंच झालं असेल, असं ती स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्याच गराजच्या कोपऱ्यात आठ बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उरल्या होत्या. त्या खोक्याकडे ती बघतच नव्हती.

शुक्रवारी सकाळी, अतुल ऑफिसला गेल्यावर, ती चहा करत असताना गराजमधून आवाज आला. फाटकन. पाठोपाठ आणखी एक. दार उघडलं तर खोकं एका बाजूनं फाटलं होतं, बिअर जमिनीवरून वाहत होती, आणि काचेचा एक तुकडा पलीकडे अतुलच्या सायकलच्या सीटमध्ये रुतून बसला होता. गराज गार होतं. ऊन तिथं कधी येतच नव्हतं.

आता शंका घ्यायला जागा उरली नाही.

तिनं स्कीइंगचं जाड जॅकेट घातलं, डोळ्यांना गॉगल लावला, ओव्हनचे हातमोजे चढवले आणि उरलेल्या सहा बाटल्या एकेक करून बर्फात ठेवल्या. दुपारी टॉवेलमध्ये गुंडाळून त्या उघडल्या. पहिल्या बाटलीचा फेस छतापर्यंत गेला. ती फरशीवर बसली, जॅकेटमध्ये घामाघूम, आणि बाहेर किती बाटल्या आहेत ते आठवायला लागली. निमिषची सोडली तर पाच घरं. दोघांनी पार्टीनंतर लगेच पिऊन टाकल्याचं तिला कळवलं होतं. राहिली तीन.

खरं सांगून फोन केला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. पण खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ते निमिषच्या कानावर जाणार, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून फोनवर ती एवढंच म्हणाली, की बाटलीला हात लावू नका, चव बिघडलीय, मीच येऊन घेऊन जाते. शनिवारी सकाळी बर्फाची पेटी गाडीत घालून ती निघाली. पहिल्या घरच्या बाईनं सांगितलं, "अगं, फेकून देते की मी!" त्यावर "नको नको, मला टेस्ट करायचीय" असं खोटं. दुसऱ्या घरी फ्रिजमधली बाटली काढून घेताना "पुढच्या वेळी चांगली देते" असं आणखी एक. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं, असं चाललं होतं, आणि ते आपल्याला इतकं सहज जमतंय याचीच तिला लाज वाटत होती.

तिसरी बाटली त्र्यंबक काकांकडे होती. त्यांनी फोन उचललाच नव्हता. काका चाळीस वर्षांपूर्वी नागपूरहून आलेले, पूल बांधायच्या कामातून रिटायर झालेले. ते आणि मालिनी काकू मिशन भागातल्या जुन्या घरात दोघंच राहायचे. दोघंही दारूला कधी न शिवलेले. पार्टीत इतरांना दिली तशी त्यांनाही तिनं कौतुकानं बाटली दिली होती.

"ये ये!" काकांनी दार उघडलं. "तुझी बाटली बघ कशी शोभतेय."

बाटली बैठकीच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीच्या कट्ट्यावर, नातवंडांच्या फोटोंच्या मधोमध उभी होती. सोनेरी रिबिनीसकट. सकाळचं ऊन तिच्यातून आरपार जात होतं आणि भिंतीवर मधासारखा तांबूस डाग पडला होता.

नीलांबरी दारातच थबकली. "काका, ती मी परत घेऊन जायला आलेय. चव बिघडलीय तिची."

"आम्हांला कुठं प्यायचीय? आम्ही ठेवलीय शोभेला. आपल्या पोरीनं स्वतःच्या हातानं केलीय, येईल त्याला दाखवतो मी."

"दुसरी देते काका. ही नको."

"अगं, दिलेली वस्तू अशी परत नेतात होय?" काका हसत हसत खिडकीकडे वळले. "बघ तरी रंग किती सुरेख आलाय." आणि त्यांनी बाटली उचलायला हात पुढे केला.

"हात लावू नका!"

ती इतक्या जोरात ओरडली की आतून मालिनी काकू धावत बाहेर आल्या. काकांचा हात तसाच हवेत राहिला.

"काका, मागे या. प्लीज, मागे या आधी. ती फुटेल. निमिषच्या हातात फुटली ती अशीच फुटली. उन्हानं नाही. तयार व्हायच्या आधीच भरली मी ती. मला माहीत होतं."

काका दोन पावलं मागे आले. नीलांबरीनं गाडीतून जॅकेट आणि मोजे आणले, ओला टॉवेल बाटलीभोवती लपेटला आणि ती बर्फाच्या पेटीत नेऊन ठेवली. परत आली तेव्हा काकू खुर्चीत बसल्या होत्या.

"मी रोज पुसते गं ती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सकाळी फोटो पुसताना. रोज."

नीलांबरी त्यांच्या पायाशी बसली आणि रडायला लागली. मग सगळं सांगितलं. चोवीस, बावीस, वीस. न केलेला फोन. निमिषनं विचारल्यावर म्हटलेलं "हो." काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, मनाला लागेल असं काही बोलल्याही नाहीत. त्यांनी पाणी आणून दिलं.

काकांनी कट्ट्यावरचे फोटो पुन्हा जवळ सरकवले. मग त्यांनी विचारलं, "निमिषला काय वाटतंय सध्या?"

"की त्याची चूक आहे. गाडीत ठेवली म्हणून."

"आणि तू त्याच्या घरी जातेस?"

"डबा घेऊन."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. "आम्ही कुणाला सांगणार नाही," ते म्हणाले. "पण तू आज तिथं डबा नेऊ नकोस. नुसती जा."

ती तिथूनच थेट निमिषकडे गेली. उशीर केला असता तर गेली नसती, हे तिला समजत होतं.

प्रीतानं दार उघडलं आणि तिच्या रिकाम्या हातांकडे आधी पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "काय झालं गं?"

निमिष आतल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून उजव्या हाताच्या एका बोटानं मेल लिहीत होता. नीलांबरी उभ्यानंच बोलली. बसली असती तर गोल गोल बोलली असती. "रीडिंग स्टेबल नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. वीसवर होतं आणि रोज उतरत होतं. पार्टीसाठी भरली मी. तुझी काही चूक नव्हती."

निमिषनं टायपिंग थांबवलं. "वीस," तो म्हणाला. आणि पुन्हा, "वीस?"

"हो."

"मला फोन का नाही केलास?"

"तू नको म्हणाला असतास."

तो हसल्यासारखा झाला, पण ते हसू नव्हतं. बोलली ती प्रीता.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "अकरा दिवस मी त्याला बोलतेय. तू समोर बसून ऐकत होतीस. त्याच्याकडून शर्टाची बटणं लागत नाहीत, आणि मी त्याला काय काय बोलले नीलू, तुला माहीत नाही मी काय काय बोलले." तिनं निमिषकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पार रडवेला झाला. "आणि तुला मिठ्या मारतेय मी. डब्यांसाठी."

"प्रीता, मी..."

"तू जा आता. प्लीज. मला तुझ्याशी बोलायचं नाहीये."

 निमिषनं लॅपटॉप बंद केला आणि उठून प्रीताजवळ जाऊन उभा राहिला. नीलांबरी दार ओढून बाहेर आली.

घरी तिनं अतुलला सांगितलं. मग ज्या दोन घरी खोटं बोलून बाटल्या आणल्या होत्या, त्यांनाही फोन करून सांगितलं. बातमी फिरली. काहींनी फोन केले, काहींनी टाळले. दिवाळीच्या फराळाला मंडळाच्या हॉलमध्ये प्रीता तिला पाहून दुसऱ्या टेबलावर गेली, आणि नीलांबरीला त्यात काही वावगं वाटलं नाही. मन हलकं होईल असं जे ती कुठंतरी धरून चालली होती, तसं काही झालं नव्हतं. फरक पडला तो एवढाच, की आता निमिष आपल्याला काय समजतोय याबद्दल तिला शंका उरली नव्हती.

नोव्हेंबरमध्ये त्याचा मेसेज आला. आधी काही नाही, नंतर काही नाही, नुसता: "गुरुवारी साडेदहाला हॅन्ड थेरपी. प्रीताला सुट्टी नाही. मला अजून ड्राइव्ह करता येत नाही. येशील?"

ती सव्वादहाच्या आधीच त्याच्या घराबाहेर जाऊन थांबली. तो येऊन बसला, सीटबेल्ट उजव्या हातानं ओढून घेताना जरा धडपडला. तिनं मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला. त्यानं बेल्ट लावला.

फ्रीवेवर बरीच गर्दी होती. 

"करंगळी पूर्ण मिटणार नाही म्हणाल्या डॉक्टर," तो शेवटी म्हणाला. "दुसरं बोट मिटेल बहुतेक. वेळ लागेल."

"हं."

"मी तुला माफबीफ केलंय म्हणून बोलावलं असं नको समजू. मला राइड हवी होती."

"नाही समजत."

"प्रीताला सांगितलंय मी, तुला बोलावलं ते. ती काही बोलली नाही."

नीलांबरीनं मान हलवली. एक्झिट आला, तिनं लेन बदलली. क्लिनिकच्या दारात त्याला सोडून ती पार्किंगमध्ये थांबली. पुस्तक आणलं होतं, पण ते उघडलं नाही. पाऊण तासानं तो बाहेर आला, चेहरा दुखण्यानं पांढरा पडलेला. त्याच्या कपाळावर घाम होता. तो सीटवर डोकं टेकून बसला. जाताना जिथं खड्डे लागले होते तो रस्ता टाळून तिनं लांबच्या रस्त्यानं, सावकाश गाडी नेली.

घरासमोर उतरताना तो दार धरून क्षणभर थांबला.

"दर गुरुवारी असतं हे," तो म्हणाला. "फेब्रुवारीपर्यंत."

"मी येईन."

"बघू," निमिष म्हणाला, आणि उजव्या हातानं दार लावून घरात गेला.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी त्याचा मेसेज आला. त्यात फक्त वेळ होती.